दहा हजार फुटांच्या खाली

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांनी विमान जवळून पाहिलंय? आमच्या वर्गात हा प्रश्न विचारला तर एकही हात वर होत नाही. पण आकाशात पांढरी रेघ ओढत जाणारं विमान मात्र सगळ्यांच्या ओळखीचं. ते दिसलं की पाढे म्हणणारा अख्खा वर्ग खिडकीकडे धावतो आणि, खरं सांगायचं तर, मीही धावते.

मी नागपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवते. २०२३ च्या जुलै महिन्यात, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, मी पहिल्यांदा विमानात बसले. मुंबईला नणंदेच्या बाळाचं बारसं होतं आणि आगगाडीचं तिकीट काही केल्या मिळेना. सोबत माझा आठ वर्षांचा मुलगा होता. खिडकीची जागा अर्थातच त्याने पटकावली.

मुंबई जवळ आली तशी विमान ढगात शिरलं. बाहेर नुसता कापूस. मग एकदम ढग संपले आणि खाली ओली मुंबई दिसायला लागली. छपरांवरच्या निळ्या ताडपत्र्या, लाल बस, छत्र्यांचे ठिपके. घरं इतकी जवळ आली की मला वाटलं, आता कुणाच्या तरी गच्चीतले कपडे चाकांना अडकणार! मी डोळे मिटून चाकं टेकायची वाट बघत होते.

चाकं टेकलीच नाहीत. एकाएकी इंजिनांनी मोठ्ठा आवाज केला, विमानाचं नाक वर झालं आणि आम्ही पाठीला रेटल्यासारखे पुन्हा ढगात गेलो. कुणी देवाचं नाव घेऊ लागलं. मागच्या रांगेतले एक आजोबा जोरात म्हणाले, "नवशिका दिसतोय ड्रायव्हर!" माझ्या मुलाने माझा हात घट्ट धरला. मी त्याचा त्याहून घट्ट धरला होता, पण ते त्याला सांगितलं नाही.

पाचेक मिनिटांनी वैमानिकाचा शांत आवाज आला. आमच्या पुढचं विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झालं नव्हतं, म्हणून आपण पुन्हा वर आलो, एक फेरी मारून उतरू. आणि तसे उतरलोही. आजोबांनी उतरताना वैमानिकाबद्दल चकार शब्द काढला नाही.

बारसं झालं, घुगऱ्या खाऊन झाल्या, आम्ही आगगाडीने परत आलो. पण माझ्या डोक्यातून ते वर जाणं काही जाईना. उतरायच्या अगदी तोंडाशी आलेलं विमान परत वर न्यायचं, हे ठरवतं कोण? किती वेळात? मग मी वाचायला लागले. विमान अपघातांचे चौकशी अहवाल कुणालाही वाचता येतात, बरं का. भाषा रुक्ष असते, पण एकदा हातात घेतले की खाली ठेववत नाहीत. त्यात मला जे सापडलं ते विमानाबद्दल होतंच, पण थोडं माझ्या वर्गाबद्दलही निघालं. ते शेवटी सांगते.

प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये दोन वैमानिक असतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. एक कॅप्टन, एक सहवैमानिक. मला वाटायचं, कॅप्टन विमान चालवतो आणि दुसरा त्याला मदत करतो, म्हणजे आपल्या एसटीत ड्रायव्हर आणि कंडक्टर असतात तसं. तसं नाही हं. एका वेळी दोघांपैकी एकाच्या हातात विमान असतं आणि दुसऱ्याचं काम पाहण्याचं. हा पाहणारा कधी सहवैमानिक असतो, तर कधी चक्क कॅप्टन. तो पाहतो आणि मोठ्याने बोलतो. उंची इतकी, वेग इतका, आपण जरा डावीकडे सरकतोय. चालवणाऱ्यालाही तेच आकडे समोर दिसत असतात! तरी बोलायचं. कारण डोळ्यांना दिसणं आणि मनात शिरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फळ्यावर लिहिलेलं वहीत चुकीचं उतरवणाऱ्या मुलांना हे वेगळं सांगायला नको.

उतरण्याआधी कामांची यादी वाचतात. एकजण विचारतो, चाकं? दुसऱ्याने दिवे बघून सांगायचं, खाली आहेत. पाठ आहे म्हणून न बघता उत्तर द्यायचं नाही. आणि बहुतेक कंपन्यांत एक दंडक असतो. ढगाळ हवेत जमिनीपासून १,००० फुटांवर आणि स्वच्छ हवेत ५०० फुटांवर येईपर्यंत सगळं जागच्या जागी हवं. वेग बरोबर, खाली येण्याची गती बरोबर, चाकं बाहेर, विमान धावपट्टीच्या रेषेत. यातलं एक जरी बिघडलेलं असलं तर पुढे सावरून घेऊ म्हणायचं नाही, सरळ वर जायचं. याला ते 'गो-अराउंड' म्हणतात. हजार फुटांवरून जमीन गाठायला साधारण दीड मिनिट लागतं. तेवढ्यात कुणाची समजूत काढायला वेळ नसतो. म्हणून पाहणाऱ्याने 'गो-अराउंड' म्हटलं की चालवणाऱ्याने विमान वर न्यायचं, वाद नंतर. अनेक कंपन्या तर असं वर गेल्याबद्दल वैमानिकाला दोष द्यायचा नाही, असा नियमच करतात. उद्या चौकशीत कळलं की उतरलो असतो तरी चाललं असतं, तरीही नाही.

आणखी एक नियम आहे, तो मला फार आवडला. विमान १०,००० फुटांच्या खाली आलं की कॉकपिटमध्ये कामाखेरीज एक शब्द बोलायचा नाही. क्रिकेट नाही, जेवण नाही, घरच्या गोष्टी नाहीत. विमानातल्या ताई-दादांनीही सुरक्षिततेचं काही असल्याशिवाय वैमानिकांना बोलवायचं नाही. याचं नाव 'स्टेराइल कॉकपिट', म्हणजे निर्जंतुक कॉकपिट. डॉक्टर इंजेक्शनची सुई निर्जंतुक ठेवतात ना, तसं. इथले जंतू म्हणजे गप्पा!

हा नियम कुणाला सहज सुचला म्हणून नाही आला. अमेरिकेत ११ सप्टेंबर १९७४ च्या सकाळी एक विमान शार्लट नावाच्या शहरात उतरत होतं. जमिनीवर धुकं पसरलेलं. आणि वैमानिक गप्पा मारत होते, राजकारणावर, जुन्या मोटारगाड्यांवर. अगदी सज्जन माणसांच्या साध्या गप्पा. पण त्या गप्पांत उंचीचे आकडे मोठ्याने सांगायचे राहून गेले आणि विमान धावपट्टीच्या तीनेक मैल अलीकडेच जमिनीला टेकलं. विमानात ८२ माणसं होती, त्यातली सत्तरहून जास्त दगावली. ब्लॅक बॉक्समध्ये त्या गप्पा जशाच्या तशा राहिल्या. त्यानंतर असे आणखी प्रकार तपासून अमेरिकेने १९८१ मध्ये हा नियम केला आणि आज जगभरच्या कंपन्या तो पाळतात.

इथपर्यंत वाचून मी खूश झाले. कुठल्याही शिक्षिकेला होईलच! 'बोलू नका' हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणते याचा हिशेबच नाही. वाटलं, चला, आता वर्गात सांगायला चांगलं उदाहरण मिळालं. विमानातसुद्धा गप्प बसावं लागतं म्हणावं.

पण पुढचे अहवाल वाचले आणि माझा आनंद पार उतरला.

८ जानेवारी १९८९. इंग्लंडमध्ये लंडनहून बेलफास्टला निघालेल्या विमानाच्या डाव्या इंजिनाचं एक पातं तुटलं. विमान हादरायला लागलं, कॉकपिटमध्ये धूर आला. वैमानिकांचा अंदाज चुकला आणि त्यांनी उजवं, म्हणजे चांगलं इंजिन बंद केलं. योगायोगाने हादरे कमी झाले, त्यामुळे त्यांना वाटलं, आपलं बरोबर आहे. कॅप्टनने प्रवाशांना सांगितलंसुद्धा की उजव्या इंजिनात बिघाड होता. आता गंमत बघा, गंमत कसली, वाईट गोष्ट बघा. मागे बसलेल्या कितीतरी प्रवाशांनी डाव्या इंजिनातून ज्वाळा निघताना डोळ्यांनी पाहिल्या होत्या. विमानातल्या तीन कर्मचाऱ्यांनीही पाहिल्या होत्या. कुणीच कॅप्टनला सांगितलं नाही. त्यांना ठाऊक असेलच, ते मोठे, आपण कोण सांगणारे! जवळच्याच विमानतळावर उतरताना, अगदी शेवटच्या टप्प्यात, ते डावं इंजिन बंद पडलं आणि विमान केगवर्थ गावाजवळ मोटारींच्या हमरस्त्याच्या कडेला कोसळलं. १२६ पैकी ४७ माणसं गेली.

म्हणजे एका ठिकाणी बोलल्यामुळे आणि दुसऱ्या ठिकाणी न बोलल्यामुळे.

आणि आपल्याकडचं मंगळूर? तुमच्या आईबाबांना नक्की आठवत असेल. २२ मे २०१० ची सकाळ. दुबईहून आलेलं विमान. मंगळूरची धावपट्टी डोंगरमाथ्यावर आहे, टेबलावर ठेवलेल्या पट्टीसारखी. ती संपली की उतारच. कॅप्टनच्या गाठीशी १०,००० तासांहून जास्त उड्डाणांचा अनुभव होता, सहवैमानिकाचा त्या मानाने बराच कमी. वाटेत कॅप्टन बराच वेळ झोपले होते, हे ब्लॅक बॉक्सवरून कळलं. उतरताना विमान हवं त्यापेक्षा खूप उंचावर राहिलं होतं, मग ते घाईने खाली आणावं लागलं. सहवैमानिकाला हे दिसत होतं. तो गप्प बसला नाही. तो 'गो-अराउंड' म्हणाला. एकदा नाही, तीनदा. विमानातलं धोक्याची सूचना देणारं यंत्रही ओरडत होतं. कॅप्टनने विमान उतरवलं. सुमारे ८,००० फूट लांबीच्या धावपट्टीचे ५,००० हून जास्त फूट मागे पडल्यावर चाकं टेकली. १६६ जणांपैकी आठच वाचले.

चौकशी अहवालातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. सहवैमानिकाने स्वतः विमान वर न्यावं की नाही, याबद्दलच्या सूचना पुरेशा स्पष्ट नव्हत्या, म्हणून तो सांगत राहिला, पण त्याने विमान हातात घेतलं नाही. अहवाल मिटला आणि मी बराच वेळ तशीच बसून राहिले. कारण मला रामटेक आठवलं.

आता माझी गोष्ट. सांगायला लाज वाटते, पण तुमच्यापासून काय लपवायचं.

त्याच वर्षी जानेवारीत आमच्या शाळेची सहल रामटेकला गेली होती. ४२ मुलं, तीन शिक्षक आणि ठरवलेली एसटी. गडावर देवळं पाहिली, वानरांनी दोघांचे डबे पळवले, नुसती धमाल. संध्याकाळी सगळे गाडीत बसले आणि मी मुलं मोजायला लागले. मोजता मोजता सोबतच्या बाईंशी बोलत होते. विषय कोणता, तर बदल्यांचा. कुणाची कुठे बदली झाली, यादी कधी लागणार. बेचाळीस! बरोबर. मी चालककाकांना म्हटलं, "चला."

तेवढ्यात तिसरीतली एक मुलगी उठून माझ्याजवळ आली. वर्गात फारसं न बोलणारी, नाव विचारलं तरी खाली बघणारी पोर. ती हळूच म्हणाली, "बाई, तो नाही आला." मी बोलण्यात गुंग. तिने माझ्या पदराला हात लावून पुन्हा सांगितलं, "बाई, तो नळावर..." आणि मी खेकसले, "जागेवर बस बघू! मोठी माणसं बोलताना मधे बोलायचं नाही, किती वेळा सांगितलंय?"

ती बसली. गाडी निघाली. दोन किलोमीटर पुढे गेल्यावर त्या मुलाच्या चुलत भावाने रडायला सुरुवात केली, तेव्हा माझ्या लक्षात आलं. जागा बदलून बसलेल्या एका मुलाला मी दोनदा मोजलं होतं. गाडी वळवून परत आलो. तो नळाजवळच्या पायरीवर बसला होता, एका फुलवाल्या आजीने त्याच्या हातात केळं दिलं होतं. तो रडलासुद्धा नव्हता. मी मात्र घरी जाऊन रडले. बाजूला रहदारीचा रस्ता होता, अंधार पडत होता. काहीही होऊ शकलं असतं.

त्या मुलीला मी तेव्हा काय म्हटलं? काहीच नाही. मुलगा सापडल्याच्या आनंदात तिची आठवणच राहिली नाही. आठवण झाली ती सहा महिन्यांनी, मंगळूरचा अहवाल वाचताना.

दुसऱ्या दिवशी मी तिला जवळ बोलावलं. ती आता चौथीत होती. म्हटलं, "रामटेकला तू मला दोनदा सांगितलंस आणि मी ऐकलं नाही. चूक माझी होती." तिला काय बोलावं कळेना. मग पुटपुटली, "मला वाटलं, तुम्ही अजून रागावलेल्या आहात." सहा महिने त्या पोरीला वाटत होतं की चूक तिची होती!

विमानांच्या जगात यावर उपाय शोधायला १९७८ चं वर्ष निमित्त झालं. अमेरिकेत पोर्टलंडजवळ एक विमान चाकांच्या बिघाडाची तपासणी करत घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून पडलं. इंधन कमी होतंय, हे सहकारी आडून आडून सुचवत होते, पण ठणकावून कुणी सांगितलं नाही. त्यानंतर वैमानिकांना एक नवीन विषय शिकवायला लागले. लहानांनी मोठ्यांना स्पष्ट कसं सांगायचं आणि मोठ्यांनी ते कसं ऐकायचं. हो, दोन्ही शिकवावं लागतं, विशेषतः दुसरं! मला डी.एड.ला हा विषय नव्हता.

हे शिकल्याचा उपयोग किती, ते १९ जुलै १९८९ ला दिसलं. डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या विमानाचं शेपटातलं इंजिन फुटलं आणि विमान वळवण्याच्या तिन्ही यंत्रणा एकदम निकामी झाल्या. हे म्हणजे घाटात सायकलचं हॅंडलच निखळल्यासारखं. कॅप्टन होते अल हेन्स, तीस-बत्तीस वर्षं विमान चालवलेले. प्रवाशांत वैमानिकांना शिकवणारे एक शिक्षक बसले होते. ते मदतीला पुढे आले. हेन्स यांनी त्यांना "तुम्ही जागेवर बसा" म्हटलं नाही. ते शिक्षक जमिनीवर गुडघे टेकून उरलेल्या दोन इंजिनांची ताकद कमी-जास्त करत राहिले आणि चौघांनी मिळून, एकमेकांना विचारत, ते विमान ४४ मिनिटं हवेत सांभाळलं आणि सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. तिथे ते मोडलं, पेटलं, ११२ माणसं गेली. पण २९६ पैकी १८४ वाचली, जिथे एकही वाचायची आशा नव्हती. हेन्स नंतर अनेक वर्षं भाषणं देत फिरले आणि प्रत्येक ठिकाणी श्रेय वाटून देत राहिले.

आमच्या वर्गात आता दोन नियम आहेत. रस्ता ओलांडताना, गाडीत चढताना आणि मोजणी चालू असताना कुणी गप्पा मारायच्या नाहीत, बाईंनीसुद्धा. आणि चूक दिसली तर त्याच वेळी मोठ्याने 'थांबा' म्हणायचं, मग समोर बाई असोत नाहीतर मुख्याध्यापक. पहिल्या आठवड्यात पोरांनी या नियमाचा इतका फायदा घेतला की विचारू नका. मी फळ्यावर एक वेलांटी चुकवली की चार जण ओरडायचे, "थांबा!" एका पालकांनी तर येऊन विचारलं, मुलं घरी वडिलांनाही थांबा म्हणतात, हे काय शिकवलंत? मी त्यांना मंगळूरची गोष्ट सांगितली. ते पटलं म्हणाले, पण पूर्ण पटलेलं दिसलं नाही.

२०२४ च्या जानेवारीत आम्ही नागपूरला रमण विज्ञान केंद्र बघायला गेलो. परत निघताना गाडीत मी मुलं मोजली. एकोणचाळीस. यावेळी कुणाशी बोलले नव्हते. माझ्यामागून तीच मुलगी मोजत येत होती, तिचं ते ठरलेलं काम. चालककाकांनी इंजिन सुरू केलं.

"बाई, थांबा." आवाज मोठा नव्हता, पण खालीही बघत नव्हती ती. "एक कमी आहे."

मला खात्री होती की माझी मोजणी बरोबर आहे. उशीर झाला होता, काका घड्याळ बघत होते. मी त्यांना गाडी बंद करायला सांगितलं आणि पुन्हा मोजलं. एकोणचाळीस. मागच्या बाकावरचा एक मुलगा खाली वाकून हरवलेली चप्पल शोधत होता, म्हणून तिच्या नजरेतून सुटला होता. गाडीत हशा पिकला. तिचे कान लाल झाले.

"झालं का बाई?" काकांनी विचारलं.

"नाही अजून," मी म्हटलं. "तिचं मोजून होऊ द्या."

ती पुन्हा पहिल्या बाकापासून निघाली. प्रत्येकाच्या डोक्यावर बोट टेकवत, ओठ हलवत. गाडीत सगळे गप्प झाले होते. चप्पलवाला पोरगा ताठ बसला होता, एका पायात चप्पल, दुसरी हातात.